दोनदा थांब

सही करण्यासाठी धाकट्याला पेन दिलं होतं साडेतीन वाजता. पावणेचार झाले तरी तो त्याचं टोपण काढत होता, लावत होता, काढत होता.

"शाई वाळेल," दादा म्हणाला.

"बॉलपेन आहे."

"मग अक्कल वाळेल. कर सही."

टेबलाच्या टोकाला अण्णा बसले होते. पंचेचाळीस वर्षं लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली होती, त्यामुळे ते खुर्चीतही असे बसत की जणू खुर्ची आता वर जाणार आहे. त्यांच्या उजवीकडे थोरला मुलगा, म्हणजे दादा. लिफ्टचा धंदा आता त्याच्याकडे. समोर ताई, तिघा भावंडांत सगळ्यांत मोठी, सरकारी कार्यालयाच्या अभिलेख विभागात अठ्ठावीस वर्षं. मधे धाकटा, जो दादाच्या हाताखाली काम करत असल्यामुळे सुट्टीच्या दिवशीही त्याच्याकडे साहेबाकडे बघावं तसं बघायचा. धाकट्याची बायको तीन वाजल्यापासून उभी होती. पाचवी खुर्ची रिकामी होती आणि ती तिच्यासाठीच आहे, असं प्रत्येकाने एकदा सांगून झालं होतं.

सगळे जमले होते ते आतल्या खोलीतल्या धाकट्याच्या सात वर्षांच्या मुलीसाठी. शाळेच्या दाखल्यावर तिला नाव होतं, पण दोन वर्षांची असताना ती उड्या मारतच चालायला लागली आणि दादाकाकाने तिचं नाव ठेवलं स्प्रिंग. लिफ्टच्या खड्ड्यात तळाशी एक स्प्रिंग असते, वरचं सगळं कोसळलं तर शेवटी तीच झेलते, असं त्याचं स्पष्टीकरण. लाडाने ठेवलं होतं. आज तोच तिच्यासाठी निवासी शाळेचा अर्ज घेऊन आला होता. तोही लाडानेच.

"शंभर-सव्वाशे किलोमीटर म्हणजे काही लांब नाही," दादा म्हणाला. "तिथे सगळी तिच्यासारखीच मुलं आहेत."

"तिच्यासारखी म्हणजे कशी?" स्प्रिंगची आई म्हणाली. "मिक्सरच्या आवाजाने भिंतीवर डोकं आपटणारी, की मिक्सर लावल्याशिवाय न झोपणारी? ही दोन मुलं एका खोलीत ठेवून बघा."

"तू विषय वाकडा नेतेस."

"मागच्या महिन्यात ती बससमोर गेली, दादा. विषय तेव्हाच वाकडा झालाय."

बस वीतभर अंतरावर थांबली होती. ड्रायव्हर खाली उतरून फुटपाथवर बसला होता आणि त्याला पाणी द्यायला लागलं होतं. स्प्रिंगला काहीच झालं नव्हतं. तिला बागेतल्या झोक्यावर जायचं होतं आणि मधे रस्ता होता, एवढंच तिच्या बाजूचं म्हणणं.

"म्हणूनच म्हणतोय ना," दादा हळू आवाजात म्हणाला. "पुढची बस थांबेलच असं नाही. मला झोप लागत नाही गं."

"मला लागते असं वाटतं का तुम्हाला? पण त्यानंतर बाईंनी दाराजवळ ती चित्रांची पट्टी लावून दिली. महिना झाला. एकदाही पळालेली नाही."

"ती झोकेवाली," अण्णा म्हणाले.

थेरपिस्ट बाईंच्या खोलीत छताला एक झोका टांगलेला होता, म्हणून त्या अण्णांच्या लेखी झोकेवाली. खोलीत गाद्या होत्या, कोरड्या वाटाण्यांनी भरलेला टब होता, आणि वजनदार पिशव्या होत्या, ज्या मुलांनी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ढकलत न्यायच्या आणि परत आणायच्या. अण्णा एकदाच तिथे गेले होते. हमाली शिकवतात, असा अहवाल त्यांनी घरी येऊन दिला होता.

"आठ महिने," ताई म्हणाली. "आठ महिने ती बाई काय शिकवतेय, तर स्वस्थ बसायला."

"वाट बघायला," आई म्हणाली. "तीन आकड्यांपासून सुरू केलं. तीन मोजेपर्यंत हातांवर बसायचं. मग पाच. आता वीस. दात घासायला पूर्वी दोन माणसं लागायची, ताई, एक धरायला आणि एक रडायला. आता ती स्वतः घासते. आधी दोन बादल्या पाणी उचलते, मग घासते. बादल्या का, ते मला विचारू नका. अंगाला जोर लागला की तिचं डोकं शांत होतं. शर्टाची तीन बटणं लावते. बाई चार वाजता येणार आहेत. त्यांचं ऐका आणि मग काय सही करायची ती करा."

ताईने मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळू नये इतपतच हलवली. खरं म्हणजे तिचं लक्ष दुसरीकडे होतं. तीन वाजता ती आली तेव्हा दारापाशी चपला काढताना तिला ती पट्टी दिसली होती. भिंतीवर स्प्रिंगच्या उंचीला नऊ चित्रकार्डं एका रांगेत चिकटवलेली. बूट. थांब, म्हणजे लाल तळहात. हात, म्हणजे एकमेकांत अडकलेले दोन हात. लिफ्ट. पुन्हा थांब. पुन्हा हात. बाग. झोका. घर. खाली एक कापडी पिशवी, झालेली कार्डं टाकायला. ताईच्या कार्यालयात एकाच गोष्टीच्या दोन नोंदी सापडल्या की आधीची काढायची, हा नियम होता, आणि तो नियम तिच्या हातात इतका भिनला होता की लग्नपत्रिकेवर आजोबांचं नाव दोनदा आलं तर तिचा घसा खवखवायचा. तिने एक थांब आणि एक हात काढले, उरलेली सात कार्डं सरळ ओळीत बसवली, काढलेली दोन पाकिटात घातली, पाकिटावर 'जादा' असं लिहिलं आणि ते पर्समध्ये ठेवलं. कुणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं. टेबलावरची धूळ पुसली तर आपण घोषणा करत नाही.

"बाळ फार शांत आहे आज," अण्णा म्हणाले.

हे वाक्य त्या घरात कुणी सहसा बोलत नसे. आई आतल्या खोलीकडे गेली. चालत गेली, आणि परत आली तेव्हा तिचं तोंड कागदासारखं झालं होतं.

"आत नाहीये."

न्हाणीघर, पलंगाखाली, पडद्यामागे, कपड्यांच्या कपाटात. सहाव्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत एका मुलीला लपायला जेवढ्या जागा असतात, त्यापेक्षा दुप्पट जागा चार माणसांनी शोधल्या. दादाने फ्रीज उघडून बघितला आणि बंद केला. बूट जागेवर नव्हते. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आई पट्टीसमोर उभी राहिली.

"हे कुणी काढलं?"

"काय?" धाकटा म्हणाला.

"पहिला थांब कुठे गेला? बूट घातले की इथे थांबायचं आणि कुणीतरी हात द्यायचा, तोपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. दोन कार्डं गेली आहेत. कुणी काढली?"

पर्स ताईच्या मांडीवर होती. ती तिने दोन्ही हातांनी धरली. तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते असं: "आधी मुलगी शोधू या. हे नंतर बघू."

पुढची अनेक वर्षं ताईला हे वाक्य आठवणार होतं, बहुतेक वेळा दात घासताना.

"लिफ्ट बंद आहे," धाकटा म्हणाला. "म्हणजे जिन्याने गेली. म्हणजे रस्ता." आणि तो पेन मुठीत धरूनच जिन्याकडे सुटला. त्याच्यामागे आई. सहा मजल्यांवरून दोघांच्या पावलांचा आवाज खाली खाली जात राहिला.

"जिने कसले उतरताय," दादा म्हणाला. "मी गच्चीवर जाऊन मेन टाकतो. लिफ्ट चालू झाली की एका मिनिटात खाली. गेटवरून गाडी काढतो, चारी रस्ते फिरतो." त्याने ताईकडे पाहिलं. कुणीतरी हो म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

"जा," ताई म्हणाली. तो गेला. त्याचा मोबाइल टेबलावर अर्जाशेजारी पडून राहिला.

अण्णा मात्र यातलं काही ऐकत नव्हते. ते बाहेर लिफ्टच्या दारापुढे उभे होते.

सकाळपासून ते या लिफ्टवरच होते. सोसायटीने त्यांना सांगितलं नव्हतं, पण सुट्टीच्या दिवशी अण्णांना लिफ्टला तेल दिल्याशिवाय जेवण जायचं नाही. गच्चीवर जाऊन मेन बंद केला होता. लिफ्टची गाडी त्यांनी अशी उभी केली होती की तिचं छप्पर सहाव्या मजल्याच्या फरशीशी बरोबर एका पातळीत. दार उघडायचं आणि सरळ छपरावर पाय ठेवून दोर, चाकं, सगळं बघायचं. हे दार आपोआप मिटतं, आणि मिटलं की त्याला कुलूप पडतं. ते वर एका तीनकोनी भोकात किल्ली घालून उघडावं लागतं. म्हणून काम करताना दारात लाकडी पाचर ठोकायची. आणि तिथून हलायचं तर आधी पाचर काढायची, दार मिटू द्यायचं, ओढून बघायचं. हा नियम अण्णांनीच शेकडो पोरांना शिकवला होता. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ एका उघड्या दारातून आत गेला होता, गाडी तिथेच आहे असं समजून. घरात त्याला नुसतं 'तो बुधवार' म्हणत.

साडेतीनला चष्मा आणायला म्हणून अण्णा घरात आले, आणि दादाने खुर्ची पुढे केली.

आता दार मिटलेलं होतं. अण्णांनी ओढून बघितलं. कुलूप पडलेलं. पाचर नाही.

त्यांचा जीव भांड्यात पडला. काढली होती आपण. आठवत नाही, पण काढली होती. हाताला सवय असते. गेल्या वर्षभरात बरंच काही आठवत नव्हतं. गॅस बंद केला का, किल्ली कुठे ठेवली, शेजाऱ्याचं नाव, आणि एकदा तर आपण कोणत्या मजल्यावर राहतो ते, आणि तेही लिफ्टमध्ये उभं राहून, समोर सगळे आकडे असताना. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण हाताला सवय असते.

मग त्यांनी पाचर चाचपण्यासाठी खिशात हात घातला.

टेप. रुमाल. तीनकोनी किल्ली. दुसऱ्या खिशात दोन नट. शर्टाच्या खिशात काही नाही. पुन्हा पहिला खिसा.

अण्णा हलले नाहीत. किल्ली त्यांच्या हातात होती. दार समोर होतं. दाराआड काय आहे ते बघायला अर्धं मिनिट लागलं असतं आणि ते तसेच उभे राहिले. किती वेळ, ते नंतर कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावर आईला वर येणाऱ्या थेरपिस्ट बाई भेटल्या होत्या आणि दोघी परत वर आल्या होत्या. बाई स्थूल होत्या, सहा मजले चढून त्यांच्या गळ्यातून शिट्टी वाजत होती, आणि त्यांनी हातानेच सगळ्यांना गप्प केलं.

"गेटवर वॉचमन आहे. त्याने तिला पाहिलेलं नाही. जिन्यात मला कुणी भेटलं नाही. पट्टी कुठे आहे?"

आईने दाखवली. बाईंनी कापडी पिशवीत हात घातला. बूट. लिफ्ट. दोन कार्डं.

"लिफ्ट बंद आहे, म्हणून ते गाळून पुढे बागेत..." ताई म्हणाली.

"ती गाळत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही-आम्ही गाळतो."

"पण दारावर पाटी आहे ना, काम चालू आहे म्हणून."

"पाटीवर चित्र आहे का?"

पाटीवर चित्र नव्हतं.

अण्णा वळले नाहीत. दाराकडे बघतच म्हणाले, "मी पाचर लावून आलो होतो. दार उघडं होतं. आता पाचर नाही. ती जागेवर नसलेली वस्तू उचलते ना?"

"उचलते," आई म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "जागेवर नेऊन ठेवते. अण्णा, आत काय आहे?"

"छप्पर. वीतभर उंचीचा कठडा. तीन बाजूंनी दीड हाताची फट. फटीतून खाली सहा मजले."

ताईने पर्स उघडली आणि पाकीट काढून थेरपिस्ट बाईंच्या हातात दिलं. बाईंनी वरचा शब्द वाचला.

"दोन-दोन होती," ताई म्हणाली. "मला वाटलं चुकून लागली असतील. मीच काढली." मग तिला दुसरं आठवलं. "दादा वर गेलाय. मेन टाकायला."

अण्णांनी आता वळून पाहिलं.

"मेन आला की गाडी आधी तळमजल्याला जाते," ते म्हणाले. "आपोआप. मीच जोडलंय तसं."

आईने दादाचा नंबर लावला. आत टेबलावर दादाचा मोबाइल वाजू लागला. त्याने लावलेली धून एका विनोदी गाण्याची होती आणि ती पूर्ण वाजली. ताई साठीला दोन कमी होती आणि तिचे गुडघे तिच्याहून मोठे होते. ती गच्चीच्या जिन्याकडे धावली, एकेका पायरीवर भावाला हाक मारत.

"दार उघडलं की गाडी हलत नाही," अण्णा म्हणाले. "दाराचा विजेचा संपर्क तुटतो. उघडलं की झालं. नुसतं उघडलं की झालं."

ते हे किल्लीला सांगत होते. किल्ली भोकाभोवती फिरत होती. चष्मा अजून घरातच होता.

"मला द्या," आई म्हणाली.

"तुला नाही जमणार, ते वर उचलून अर्धं फिरवावं लागतं, हे दार जुनं आहे..."

थेरपिस्ट बाई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अण्णांचं कोपर धरून त्यांच्याच बरगड्यांना दाबून टेकवलं, आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट मुठीत घेतलं. घट्ट. बटण लावताना स्प्रिंगचं धरत तसं.

"कोपर अंगाला चिकटवून ठेवा. सोडू नका. आता फक्त बोटं हलवा. मी धरलंय."

किल्ली आत गेली. अण्णांनी उचललं, फिरवलं. दार चार बोटं सरकलं, मग हातभर.

आत अंधार होता, आणि अंधाराला तेलाचा वास होता. जिन्यातला उजेड आत पडला तसा आधी एक जाड दोर दिसला, मग चाक, मग एक बूट. बुटाच्या पुढे पाय होता.

ती छपराच्या मधोमध मांडी घालून बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. समोर पाचर, कडेला समांतर ठेवलेली. ती मोजत होती. वीसच्या पुढे कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे वीस झाले की पुन्हा एक.

"चार," स्प्रिंग म्हणाली. "पाच."

आई पुढे झाली. बाईंचा हात आडवा आला.

"हाक मारू नका. ती थांब करतेय. पुढचं कार्ड हात आहे. हात मिळाल्याशिवाय ती उठणार नाही, आणि तेच आत्ता आपल्याला हवंय. हाक मारली तर उठेल, आणि कुठल्या बाजूला उठेल ते मला सांगता येणार नाही." मग अण्णांना: "तुम्ही द्या."

"माझा धरत नाही ती," अण्णा म्हणाले. "कधीच नाही. मी किती हळू धरतो तरी झटकते."

"हळू धरता म्हणूनच. तुम्ही पिसासारखा लावता, तिला तो मुंगीसारखा चावतो. पान्यासारखा धरा."

"लागेल तिला."

"नट कसा धरता? तसा. वीस होऊ द्या आधी."

अण्णांनी उंबऱ्यावर एक गुडघा टेकला. दार उघडं होतं, गाडी हलणं शक्य नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या बुधवारीही त्यांना सगळं पक्कं ठाऊक होतं.

"नऊ. दहा. अकरा."

वर कुठेतरी खट् झालं.

मोठा आवाज होता, लोखंडाने लोखंडावर टाच मारावी तसा, आणि त्यामागून मोटरची गुणगुण दोरांतून खाली आली. दोर थरथरले. मिक्सरला भिणारी, टाळ्यांनी पळणारी, फुगा फुटला म्हणून एकदा अख्ख्या वाढदिवसातून धावत सुटलेली स्प्रिंग ताठ झाली. एक हात मांडीखालून निघाला आणि कानाकडे गेला. शरीर डावीकडे झुकलं. डावीकडे फट होती.

आईने स्वतःच्या तोंडात मूठ घातली.

स्प्रिंगने हात कानावर ठेवला नाही. तो परत मांडीखाली घातला, आणि इतका दाबला की खांदे वर आले. बराच वेळ काही नाही. मग,

"बारा."

गुणगुण चालू होती. गाडी हलली नव्हती. तेरा ते वीस हे आकडे किती लांब असतात ते त्या दिवशी तिथल्या तिघांना कळलं. वीस झाल्यावर अण्णांनी हात पुढे केला, छोटी मूठ पकडली आणि आयुष्यभर घट्ट बसलेले नट ज्या ताकदीने सोडवले होते त्या ताकदीने ती आवळली. स्प्रिंगने हाताकडे बघितलं. झटकला नाही. दुसऱ्या हाताने पाचर उचलली, उठली, आणि छपरावरून फरशीवर पाऊल टाकलं, फुटपाथवर टाकावं तसं.

तिने पाचर अण्णांच्या खिशात घातली. ती तिची जागा होती.

गच्चीच्या जिन्यावरून दादा खाली आला, मागे ताई, दोघंही धापा टाकत.

"गच्चीच्या दाराचं कुलूप लवकर निघेना. मग मेन टाकला," दादा म्हणाला, "पण गाडी हललीच नाही. ताई वर पोहोचेपर्यंत मी दोनदा टाकून बघितला. अण्णा, तुमचा कुठलातरी संपर्क..." मग त्याला उघडं दार दिसलं. दार, छप्पर, पुतणी, हात. त्याला तीस वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. तो तिथेच पायरीवर बसला, बसच्या ड्रायव्हरसारखा.

"मी मेन टाकला तेव्हा दार उघडून किती वेळ झाला होता?" त्याने विचारलं.

"मोजलं नाही," अण्णा म्हणाले.

धाकटा बागेतून परत आला तेव्हा घरातले सगळे बूट-चपला घालत होते. आईने मुलीला इतकं घट्ट धरलं होतं की बाईंनी मान डोलावून पसंती दिली. स्प्रिंगने हाताचं कार्ड पिशवीत टाकलं होतं आणि आता ती बागेच्या चित्रावर बोट आपटत होती.

"आत्ता?" दादा म्हणाला. "आत्ता बागेत?"

"पट्टीवर आहे," ताई म्हणाली.

सहाच्या सहा मजले सगळे जिन्याने उतरले. मेन बंद होता, त्याला कुलूप लावलं होतं, आणि कुलपाची किल्ली दादाच्या खिशात होती, आणि ती आहे ना हे त्याने दर मजल्याला चाचपून बघितलं. गेटपाशी बाईंनी पाकिटातलं थांबचं दुसरं कार्ड दाखवलं आणि मग ते ताईच्या हातात दिलं. स्प्रिंग फुटपाथवर हातांवर बसली, वीस मोजले, अण्णांचा हात घेतला. अण्णांची बोटं पांढरी पडली होती तरी त्यांनी सैल सोडली नाहीत.

बागेत ती झोक्यावर चढली. पुढे, मागे, पुढे. धाकट्याच्या मुठीत अजून पेन होतं आणि निघताना टेबलावरून उचललेला अर्ज दादाच्या खिशात होता. शेवटी अण्णांनी हात पुढे करून तो मागून घेतला आणि लांब धरून वाचला.

"वयाची अट काय आहे?"

"चौदापर्यंत," दादा म्हणाला.

"मग माझं नाव बसत नाही." त्यांनी अर्ज उलटा केला, मागची बाजू कोरी होती. "पाचर मी विसरलो. ती नाही. तिने काहीच चुकवलं नाही. मी गेलं वर्षभर विसरतोय, आणि तुम्हाला कळू नये म्हणून दर रविवारी लिफ्ट उघडून बघतो, हाताला आठवतंय का ते. आज हातालाही आठवलं नाही."

दादाने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं. सवयीने. मग नुसतीच खिशातली किल्ली चाचपली.

"बाई," अण्णा म्हणाले, "तसली पट्टी मोठ्या माणसांची करता का?"

"करते. चित्रं कसली हवीत?"

"मेन. किल्ली. पाचर. कुलूप." ते विचार करू लागले. "गॅस."

ताईने धाकट्याच्या मुठीतलं पेन सोडवून घेतलं आणि अर्जाच्या मागे लिहायला लागली, सुबक अक्षरात, एकाखाली एक. पाचरीच्या आधी तिने थांब लिहिलं. कुलपाच्या आधी पुन्हा थांब लिहिलं. दोन्हींकडे बघितलं. घसा साफ केला. खोडलं नाही.

"डॉक्टरांनाही दाखवावं लागेल, अण्णा," स्प्रिंगची आई म्हणाली. "मी येते बरोबर."

"बघू," अण्णा म्हणाले. पण पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघत म्हणाले.

झोका थांबला. पट्टीवरचं शेवटचं कार्ड घर होतं. स्प्रिंग उतरली आणि फाटकाकडे उड्या मारत निघाली, आणि एका क्षणात सहाही मोठी माणसं उठून तिच्यामागे होती. परतीच्या रस्त्यासाठी पट्टीवर थांबचं कार्ड नव्हतं, कधीच नव्हतं, आतापर्यंत आईने दंड पकडून ओढत नेलं होतं. ताई सगळ्यांत पुढे पोहोचली. पाकिटातलं कार्ड तिच्या हातातच होतं, आणि तिने ते फाटकाच्या गजावर दाबून धरलं.

"हे इथेही लागेल," ती म्हणाली.

स्प्रिंगने लाल तळहाताकडे बघितलं. फुटपाथच्या कडेला बसली, हात मांड्यांखाली घातले. समोरून एक बस गेली, मग दुसरी. तिच्या मागे तिचं सगळं घर रांगेत उभं राहिलं आणि वाट बघू लागलं.

"एक," ती म्हणाली.

अण्णाही मनात तिच्याबरोबर मोजू लागले. दहापर्यंत नीट गेलं. अकराही गेलं. मग पुढे काय येतं ते त्यांना आठवेना. त्यांनी आठवून बघितलं, रस्त्याकडे बघितलं, तोंड उघडून मिटलं. तिथे काहीच नव्हतं, नुसती फट होती, आणि फटीखाली मजलेच मजले.

"बारा," स्प्रिंग म्हणाली.